औषधांना दाद न देणाऱ्या फिट आणि मुलांसाठी व्हीएनएस : यंत्र बसवण्याआधीचं आणि नंतरचं

तंतुजाल

मुलांच्या व्हीएनएसचा (व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजे मानेतल्या व्हेगस नसेला करंट देऊन फिट कमी करण्याचा उपचार) विषय निघाला की "मेंदूचा पेसमेकर" हा शब्द हमखास येतो आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात. हे यंत्र मेंदूला हात लावत नाही. डाव्या छातीत कातडीखाली बॅटरीची डबी असते, तिच्यातून मानेकडे गेलेली वायर असते आणि वायरीच्या टोकाला तीन मऊ वेटोळी असतात, ती डाव्या व्हेगस नर्व्हभोवती गुंडाळतात. लहान मॉडेलची डबी साधारण ७ मिलिमीटर जाड आणि १६ ग्रॅम वजनाची असते. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे जाणारे असल्यामुळे मानेत दिलेला करंट आपोआप वर पोचतो. आधी मेंदूच्या देठातल्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसपर्यंत, तिथून लोकस सेरुलियस आणि रॅफे या केंद्रांपर्यंत. उंदरांमध्ये लोकस सेरुलियस निकामी केलं की व्हीएनएसचा फिट रोखण्याचा गुण जातो, म्हणजे तिथे तयार होणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा यात मोठा वाटा आहे.

डावीच नस का? उजव्या व्हेगसचे तंतू मुख्यतः हृदयाची लय ठरवणाऱ्या सायनस नोडकडे जातात. डावीकडून ठोके मंदावण्याचा धोका कमी.

युरोपात १९९४ पासून आणि अमेरिकेत १९९७ पासून याला परवानगी आहे. अमेरिकेत आधी वयाची अट १२ वर्षांची होती, २०१७ मध्ये ती ४ वर्षांवर आली.

धागा काढण्याचं कारण एकच. यंत्र बसवणं हा तास-दोन तासांचा मामला असतो. पुढची दोन वर्षं करंट किती, किती वेळ आणि किती वेळाने द्यायचा हे जुळवण्यात जातात. तिथे ढिलाई झाली की मग "व्हीएनएसचा उपयोग झाला नाही" असं म्हटलं जातं. बऱ्याचदा पुरेसा डोस दिलेलाच नसतो.

निळी_शाई

चांगला विषय. पण पायरी चुकू नये म्हणून आधीचं लिहितो.

औषधांना दाद न देणारी फिट कशाला म्हणायचं, याची व्याख्या २०१० साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने (आयएलएई) ठरवली. त्या प्रकारच्या फिटला योग्य अशी दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, सोसतील तितकी देऊनही फिट कायमच्या थांबल्या नाहीत तर ती दाद न देणारी. यात "योग्य" आणि "पुरेशा" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. ज्युवेनाइल मायोक्लोनिक अपस्माराला कार्बामाझेपिन दिलं आणि झटके वाढले, तर तो औषधाचा पराभव नाही, निवड चुकली. ड्रावे सिंड्रोम या बाळपणी सुरू होणाऱ्या जनुकीय अपस्मारात सोडियम चॅनेल अडवणारी औषधं दिली तरी तेच. पुड्या चुकत असतील तरी तेच. आणि काही "फिट" मुळात फिट नसतातच : चक्कर, श्वास कोंडणं, झोपेतले साधे झटके. घरच्यांनी काढलेला व्हिडिओ आणि व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

व्याख्येत दोनच औषधं का, हेही कळायला हवं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगोच्या अभ्यासात, आधी कधीच औषध न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के पहिल्या औषधावर फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयोगांत मिळून फक्त ४ टक्के. म्हणून तिसरं, चौथं, पाचवं औषध बदलत तीन वर्षं घालवणं हा मुलाच्या वाढीच्या वयाचा अपव्यय आहे.

पानगळ

निळी_शाई यांच्याशी सहमत, फक्त दोन औषधं हरली म्हणजे थेट व्हीएनएस असंही नाही. आधी शस्त्रक्रियेने मूळच काढता येईल का ते बघायचं. अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने काढलेला ३ टेस्ला एमआरआय, व्हिडिओ ईईजी, लागला तर पेट स्कॅन. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, ट्यूबरस स्क्लेरोसिसमधली एखादी गाठ, टेम्पोरल लोबमधला व्रण, एका बाजूच्या अर्ध्या मेंदूचा आजार, अशा कारणांत ऑपरेशनने फिट पूर्ण थांबण्याची शक्यता व्हीएनएसच्या कितीतरी पट असते. व्हीएनएसमध्ये पूर्ण फिटमुक्त होणारे दहा टक्क्यांच्याही आत राहतात.

कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहाराचंही तसंच. ग्लूट-१ च्या (साखर मेंदूत पोचवणाऱ्या प्रथिनाच्या) कमतरतेत तोच पहिला उपाय, तिथे यंत्राचा विचार नंतर. लहान बाळांत पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेली फिट वगळली आहे ना, हेही पाहायचं.

मुग्धमेघ

धपकन पडण्याच्या फिट असतील तर? लेनॉक्स-गॅस्टॉ या लहानपणीच्या तीव्र अपस्मारात व्हीएनएस आधी की कॉर्पस कॅलोसोटॉमी?

निळी_शाई

नुसत्या पडण्याच्या फिटबद्दल विचाराल तर कॅलोसोटॉमी जास्त परिणामकारक. पण तिथे कवटी उघडून मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा कापायचा असतो, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. व्हीएनएस बंद करता येतं, काढता येतं. म्हणून बरेच जण व्हीएनएस आधी करतात. मात्र मूल दिवसातून दहा वेळा तोंडावर आपटत असेल, दात-कपाळ फुटत असेल, तर "आधी दोन वर्षं व्हीएनएस बघू" हा सावधपणा मला तरी पटत नाही. माझं मत आहे, मतभेद चालेल.

पानगळ

मतभेद नाही. फक्त व्हीएनएसवाल्या मुलाला पुढे कॅलोसोटॉमी करता येते आणि उलटही, हे पालकांना आधीच सांगावं. एक निवडलं म्हणजे दुसरी वाट बंद होत नाही.

वेटोळं

ऑपरेशनबद्दल थोडं. मानेच्या डाव्या बाजूला कातडीच्या घडीत आडवा छेद घेतात, म्हणजे व्रण दिसत नाही. दुसरा छेद छातीत किंवा काखेच्या पुढच्या कडेला. कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शीर यांच्या मधे व्हेगस सापडते, तिचा सुमारे ३ सेंटिमीटरचा भाग मोकळा करतात. वेटोळी हृदयाकडे जाणाऱ्या मानेतल्या फांद्यांच्या खाली बसवायची, नाहीतर ठोके मंदावतात. तीन वेटोळ्यांपैकी डोक्याकडचं ऋण, मधलं धन, आणि छातीकडचं नुसतं जहाजाच्या नांगरासारखं धरून ठेवणारं, त्यातून करंट जात नाही. ऋण-धन उलटं झालं तर वर जाणारे संदेश वाटेतच अडू शकतात.

वेटोळी आतून २ आणि ३ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात. लहान मुलाला बहुधा २ पुरतं. पण घट्ट वेटोळं नसेला दुखापत करतं आणि सैल वेटोळं संपर्क सोडतं, म्हणून नस उघडी झाल्यावरच माप ठरवावं.

मुलांत विसरून चालत नाही अशी गोष्ट म्हणजे ढिलाईचा वेढा. मान वळते, मूल उंच होतं. वायर ताणून बसवली तर काही वर्षांनी ओढ थेट नसेवर येते. मानेत एक वळण, एक वेढा, आणि वायर बारीक पट्ट्यांनी आजूबाजूच्या स्नायूच्या आवरणाला टाचलेली, असं हवं. उरलेली वायर डबीच्या बाजूला गुंडाळायची. डबीच्या मागे ठेवली तर घासून तुटते.

ओहमचा_नियम

वेटोळं यांना पुरवणी. ऑपरेशनच्या टेबलावरच इम्पीडन्स, म्हणजे वायर आणि नसेच्या वाटेतला विद्युत अडथळा, तपासतात. सध्याच्या मॉडेलांत ५३०० ओहम किंवा जास्त म्हणजे "हाय", ६०० किंवा कमी म्हणजे "लो". टेबलावर हाय आलं की घाबरून नस पुन्हा खणायला जाऊ नये, आधी डबीकडचं टोक बघावं. बहुतेक वेळा वायरीची पिन पूर्ण आत गेलेली नसते. पिन सरकवताना षटकोनी स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या रबरी झाकणात घातलेला हवा, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर पडते. नाहीतर ती हवाच पिनला मागे ढकलते. पिनचं टोक जोडणीच्या ठोकळ्यापलीकडे डोकावताना दिसलं पाहिजे, मगच स्क्रू क्लिक होईपर्यंत आवळायचा. दुसरं कारण म्हणजे नस कोरडी पडणं, थोडं सलाइन सोडलं की आकडा उतरतो.

आणि टेस्ट दाबण्याआधी भूल देणाऱ्याला मोठ्याने सांगायचं. हजारात साधारण एका केसमध्ये त्या क्षणी ठोके खूप मंदावतात किंवा क्षणभर थांबतात.

आता डोस. करंट बहुधा दोन आठवड्यांनी सुरू करतात :

करंट ०.२५ मिलिअ‍ॅम्पिअर, फ्रिक्वेन्सी २० ते ३० हर्ट्झ, पल्सची रुंदी २५० किंवा ५०० मायक्रोसेकंद, ३० सेकंद चालू, ५ मिनिटं बंद.

मग दर खेपेला ०.२५ ने वाढवत १.५ ते २.२५ च्या पट्ट्यात पोचायचं. दोन आठवड्यांची एक पायरी धरली तर १.५ ला जायला पाच पायऱ्या, म्हणजे दहा आठवडे. नव्या मॉडेलांत ही वाढ आधीच वेळापत्रकाने लावून ठेवता येते, दर वेळी दवाखान्यात यावं लागत नाही. ०.१२५ ची पायरीही देता येते, खोकणाऱ्या मुलांत तीच बरी.

ड्युटी सायकल, म्हणजे एकूण वेळेपैकी करंट चालू असण्याचं प्रमाण, काढताना लोक चुकतात. करंट चढायला २ आणि उतरायला २ सेकंद लागतात, ते ४ सेकंद चालू वेळेत मिळवायचे आणि चालू-बंद मिळून होणाऱ्या वेळेने भागायचं. ३० सेकंद चालू, ५ मिनिटं बंद : ३४ भागिले ३३०, म्हणजे १० टक्के. बंद वेळ ३ मिनिटं केली तर ३४ भागिले २१०, १६ टक्के. १.८ मिनिटं केली तर २५ टक्के. १.१ मिनिटाला ३५. "रॅपिड सायकलिंग" म्हणतात ते ७ सेकंद चालू, १८ सेकंद बंद : ११ भागिले २५, ४४ टक्के. ५० टक्क्यांच्या वर जायचं नाही, नसेला इजा होण्याची भीती असते.

आधी करंट वाढवायचा, तो पट्ट्यात पोचला की मग बंद वेळ कमी करायची. दोन्ही एकदम बदललं तर सुधारणा किंवा त्रास कशामुळे झाला ते कळत नाही.

तंतुजाल

मुलांपुरतं एक वेगळं. लहान वयात व्हेगसचे तंतू पूर्ण पिकलेले नसतात, त्यांना उत्तेजित करायला मोठ्यांपेक्षा जास्त विद्युतभार लागतो. त्यामुळे १२ वर्षांखालच्या मुलात २५० मायक्रोसेकंदावर १.५ मिलिअ‍ॅम्पिअर कमी पडू शकतो. मग करंट वाढवा किंवा रुंदी ५०० करा. २ मिलिअ‍ॅम्पिअर गुणिले २५० आणि १ मिलिअ‍ॅम्पिअर गुणिले ५००, दोन्हींत भार ०.५ मायक्रोकूलॉम. म्हणून रुंदी दुप्पट करताना करंट थोडा खाली आणायचा, नाहीतर मूल दचकून खोकायला लागतं.

निळी_शाई

आकड्यांच्या भरात एक अप्रिय गोष्ट झाकली जाऊ नये. मुलांवरच्या अभ्यासांत २०१२ चा नेदरलँड्सचा प्रयोग आहे, ४१ मुलं. २० आठवड्यांनंतर जास्त करंटच्या गटात १६ टक्के आणि कमी करंटच्या गटात २१ टक्के मुलांच्या फिट निम्म्यावर आल्या. म्हणजे फरक दिसलाच नाही. मोठ्यांत १९९८ च्या प्रयोगात तीन महिन्यांत जास्त करंटने फिट सरासरी २८ टक्क्यांनी कमी झाल्या, कमी करंटने १५ टक्क्यांनी. "निम्म्या रुग्णांच्या फिट निम्म्या होतात" हे वाक्य जे ऐकू येतं, ते दोन-दोन वर्षांच्या पाठपुराव्याचं आहे, तिथे तुलनेला गट नसतो.

तंतुजाल

मान्य. पण २० आठवड्यांत डोस जुळवायलाच निम्मा काळ जातो, हेही लक्षात घ्या. म्हणूनच १२ महिन्यांच्या आधी "नापास" शिक्का मारू नये, आणि २४ महिने पूर्ण डोसवर असूनही काहीच फरक नसेल तर यंत्र ओढत नेऊ नये. औषधं मात्र या काळात चालूच राहतात. करंट आणि औषध एकाच आठवड्यात बदलायचं नाही.

रात्रपाळी

यंत्रासोबत मिळणाऱ्या चुंबकाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि घरी सगळ्यात जास्त चूक तिथेच होते.

फिट सुरू होताना चुंबक डबीवरून एक-दोन सेकंद फिरवायचा आणि बाजूला घ्यायचा. जादा करंट चुंबक दूर झाल्यावर सुरू होतो. घाबरून चुंबक छातीवर धरून बसणारे अनेक असतात. धरून ठेवला की यंत्र बंद राहतं, म्हणजे नेमकं फिटच्या वेळी त्यांनी उपचार थांबवलेला असतो. साधारण सेटिंग नेहमीच्या करंटपेक्षा ०.२५ जास्त, ५०० मायक्रोसेकंद, ६० सेकंद. थांबलं नाही तर ते ६० सेकंद संपल्यावर परत एकदा. बाकी प्रथमोपचार नेहमीचेच : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबलं नाही तर ठरवून दिलेलं मिडाझोलम (फिट थांबवण्याचं तातडीचं औषध). चुंबकामुळे ती वेळ पुढे ढकलायची नाही.

शाळेत एक चुंबक वर्गशिक्षकांकडे आणि एक मुलाच्या मनगटावर किंवा पट्ट्याला. मोबाइल, एटीएम कार्ड, कानातलं श्रवणयंत्र यांपासून दूर.

मुग्धमेघ

नव्या मॉडेलमध्ये आपोआप चालू होतं ना? मग चुंबक कशाला?

ओहमचा_नियम

आपोआप चालणारं मॉडेल हृदयाच्या ठोक्यांवर अवलंबून असतं. बऱ्याच फिटमध्ये ठोके एकदम वाढतात, तो चढ पकडून ते जादा करंट देतं. चढाचा उंबरठा २० ते ७० टक्के असा लावता येतो. २० ठेवला तर कमी फिट निसटतात पण धावताना, रडताना उगाच चालू होतं, बॅटरी खातं. ७० ठेवला तर उगाच चालू होत नाही पण फिटही निसटतात. आणि ज्या मुलाच्या फिटमध्ये ठोके वाढतच नाहीत, त्याला याचा फायदा शून्य. व्हिडिओ ईईजीच्या वेळचा ईसीजी काढून बघा, उत्तर तिथेच आहे. रॅपिड सायकलिंगवर ही सोय वापरता येत नाही, कारण ठोके मोजायला पुरेसा शांत वेळ मिळत नाही.

स्वरयंत्र

आवाज, गिळणं आणि झोप, हे तीन मुद्दे.

करंट चालू असताना आवाज घोगरा होणं अपेक्षित आहे, कारण स्वरयंत्राची नस व्हेगसचीच फांदी. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट आवाज बदलत असेल तर ते यंत्र चालू असल्याचंच लक्षण. काही महिन्यांत तो बदल कमी होतो, म्हणून "आवाज बदलत नाही" एवढ्यावरून यंत्र बंद पडलं असं समजू नका. पण घोगरेपणा बंद वेळेतही कायम असेल तर स्वरपट्टीची हालचाल तपासून घ्या.

गिळायला आधीच त्रास असलेल्या मुलांत, विशेषतः सेरेब्रल पाल्सीत, लाळ वाढते आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जेवताना ठसका लागत असेल तर चुंबक चिकटपट्टीने डबीवर लावून यंत्र तात्पुरतं बंद ठेवता येतं. जेवण झालं की तो काढायचा. विसरला तर दिवसभर उपचार बंद. रोजच तशी वेळ येत असेल तर ती पट्टीची गरज नव्हे, सेटिंग बदलण्याची आहे. फ्रिक्वेन्सी ३० वरून २० वर आणा किंवा रुंदी २५० करा, करंट कमी करणं त्यानंतर.

झोपेत घोरणं वाढलं, श्वास अडकतो असं दिसलं तर झोपेचा अभ्यास करून घ्या. करंट चालू असतानाच श्वास उथळ होतो का, ते त्यात वेळेसह दिसतं. नव्या मॉडेलांत दिवस-रात्र वेगळी सेटिंग देता येते. आणि आधीच स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या मुलात हा अभ्यास यंत्र बसवण्यापूर्वी हवा.

वेटोळं

बिघाडांची ओळख.

इम्पीडन्स हाय आणि फिट परतल्या : वायर तुटली किंवा पिन सरकली. एक्स-रे काढा, पण एक्स-रेत तुटलेलं दिसलं नाही म्हणजे तुटलं नाही असं नाही. तोवर करंट शून्यावर आणा, तुटक्या वायरीतून नसेला इजा होऊ शकते. मान किंवा छातीत अचानक चटका बसणं हेही त्याचंच लक्षण.

डबी फिरवणारी मुलं असतात. कातडीखालची डबी बोटाने गोल गोल फिरवायची, वायर दोरीसारखी पिळत जाते आणि शेवटी वेटोळं नसेवरून ओढलं जातं. उपाय ऑपरेशनच्या वेळीच : डबी न विरघळणाऱ्या टाक्याने स्नायूच्या आवरणाला शिवणं, फार बारीक मुलांत छातीच्या स्नायूखाली ठेवणं.

जखम लाल, गरम, पू : यंत्राला जंतुसंसर्ग झाला की नुसत्या अँटिबायोटिकने क्वचितच भागतं, बहुधा सगळं काढावं लागतं. काढताना वेटोळी नसेला चिकटलेली असली तर ती तशीच सोडून वायर कापतात. ही गोष्ट केसपेपरवर ठळक लिहून ठेवा, कारण पुढे एमआरआय काढायचा झाला तर उरलेल्या धातूमुळे नियम बदलतात.

ओहमचा_नियम

एमआरआयचं आलंच आहे तर : मॉडेलनुसार १.५ आणि ३ टेस्लाला अटींवर परवानगी असते. आत जाण्यापूर्वी नेहमीचा, चुंबकाचा आणि ऑटो, तिन्ही करंट शून्य करायचे. नुसता नेहमीचा शून्य करून भागत नाही, एमआरआयचं यंत्र स्वतःच मोठा चुंबक आहे. बाहेर आल्यावर इम्पीडन्स तपासून जुनी सेटिंग परत घालायची. ती आधी कागदावर उतरवलेली हवी. शून्यावर विसरलेलं यंत्र हे "फिट अचानक वाढल्या"चं कारण पहिल्यांदा शोधावं.

फिजिओथेरपीतली शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह आणि उपचाराची अल्ट्रासाउंड डायाथर्मी पूर्ण बंद, मग यंत्र चालू असो वा नसो. तपासणीची सोनोग्राफी चालते.

पानगळ

कानाला लावायच्या यंत्रांबद्दलही विचारलं जातं. कानाच्या पाळीच्या आतल्या खोलगट भागात व्हेगसची फांदी असते, तिथून बाहेरून करंट देतात. कापाकापी नाही हा फायदा. पण रोज काही तास मूल ते लावून बसलं तरच उपचार होतो, आणि मुलांवरचा पुरावा कानाच्या यंत्राचा मानेतल्या यंत्राएवढा नाही. मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागात तारा घालून करंट देणारं डीबीएस आणि फिट ओळखून मेंदूतच करंट देणारं आरएनएस, यांना अमेरिकेत अपस्मारासाठी मिळालेली मूळ परवानगी १८ वर्षांवरच्यांसाठी होती.

मुग्धमेघ

नोंदी कशा ठेवायच्या? "कमी झाल्यात असं वाटतं" याने डॉक्टरांचं समाधान होत नाही.

रात्रपाळी

होऊही नये. यंत्र बसण्यापूर्वीचे किमान तीन महिने नोंदवलेले हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार. फिटचा प्रकार वेगळा मोजा : पडण्याची, आखडण्याची, टक लावण्याची. किती मिनिटं टिकली, त्यानंतर किती वेळात मूल भानावर आलं, चुंबक कोणत्या सेकंदाला फिरवला, मिडाझोलम लागलं का. वहीच्या वरच्या ओळीत त्या दिवशीचा करंट आणि बंद वेळ. काही मुलांत फिटची संख्या तेवढीच राहते पण लांबी आणि नंतरची गुंगी निम्मी होते, तो फायदा नुसत्या आकड्यात हरवतो.

मुग्धमेघ

आणि बॅटरी संपली की पुन्हा सगळं ऑपरेशन?

वेटोळं

नाही, फक्त छातीतला छेद. जुनी वायर तशीच, डबी नवी. सेटिंगनुसार साधारण ३ ते ८ वर्षांनी, रॅपिड सायकलिंगवर लवकर. पण तारीख ठरवण्याआधी इम्पीडन्स बघाच. वायर खराब निघाली तर मानही उघडावी लागेल, आणि ते भूल देण्याआधी कळलेलं बरं. बॅटरी पूर्ण मरू देऊ नका, इशारा दिसला की तारीख घ्या. नव्या डबीवर जुना करंट लगेच देता येतो, जर मधे खंड पडला नसेल तर. काही महिने यंत्र बंद असेल तर नसेची सवय मोडलेली असते. थेट २ मिलिअ‍ॅम्पिअर दिला तर मूल खोकून खोकून हैराण होतं, तिथे परत ०.२५ पासून.